भिंतीकडे तोंड

विलिसोनीचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा इस्पितळाच्या आवारात त्याच्या चारही बहिणी रडल्या, चर्चमधले गाणारे रडले, आणि वर्षभर ज्यांच्याशी त्याचं पटत नव्हतं ते पाद्रीबुवासुद्धा डोळे पुसत होते. एकटी लोसेली, त्याची बायको, रडली नाही. गुंगी उतरल्यावर विलिसोनीने पाय किती उरलाय ते बघायच्या आधी कोण कोण रडतंय ते बघितलं, आणि लोसेलीचे कोरडे डोळे मनात टिपून ठेवले.

माणूस असा का झाला, हे आमच्या बेटावरच्या गावात कुणीही सांगेल. चार मुलींच्या पाठीवर झालेला एकुलता एक मुलगा. बहिणींनी त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत पाठ आधी त्याच्या पानात पडायची, मग बाकीच्यांचं पान मांडलं जायचं. मनासारखं झालं नाही की तो भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा आणि केवड्याच्या पानांची चटई डोक्यावर ओढून घ्यायचा. मग घरात कुणी जेवायचं नाही. एकेक बहीण येऊन पाठीवरून हात फिरवायची, तेव्हा कुठे स्वारी उठायची. पुढे लग्न झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली, डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागले, पण चटई डोक्यावर ओढायची सवय काही सुटली नाही. हात फिरवणारी तेवढी बदलली.

आवाज मात्र देवाने दिलेला. त्याचा खर्ज लागला की चर्चच्या खिडक्या थरथरायच्या. संध्याकाळी पुरुष मंडळी कावा, म्हणजे मुळी कुटून कालवलेलं गुंगीचं पाणी, प्यायला परातीभोवती बसली की विलि आल्याशिवाय पहिलं गाणं कुणी उचलत नसे. आणि विनोद असा करायचा की म्हाताऱ्यांना ठसका लागावा. शुगर वाढली, डॉक्टरांनी मेंढीची चरबी बंद करायला सांगितली, तर हा म्हणाला, "चरबी काढली तर मेंढीत उरतं काय? ओरडणं!" सगळे हसले. गोळ्या डब्यात राहिल्या. गावाच्या वाट्याला हसरा विलि यायचा. घराच्या वाट्याला भिंतीकडे वळलेला.

ओहोटीला खडकांवर मासे पकडताना त्याच्या टाचेत शिंपल्याची धार घुसली आणि त्याला कळलंसुद्धा नाही, कारण पायातली जाणीव केव्हाच गेली होती. कळलं तेव्हा त्याने मोजा चढवला. चर्चचा वार्षिक मेळावा जवळ आला होता, तालमी चालू होत्या, आणि लंगडणारा माणूस पुढच्या रांगेत उभा करत नाहीत. लोसेलीला घरात वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून तिने पलंग सरकवला, पेट्या हलवल्या, छपराखाली शोधलं. शेवटी ती नवऱ्याच्या पायाशी येऊन थांबली.

"मोजा काढ, विलि."

"काही झालेलं नाही."

"काढ म्हणते ना. अरे, हा वास तुझ्या पायाचा आहे."

"मला सडका म्हणतेस? स्वतःच्या नवऱ्याला?" समोरचं पान त्याने भिंतीवर भिरकावलं, आणि चटई डोक्यावर ओढली. तो मेळाव्यात गायला, उत्तम गायला. तापाने फणफणून शुद्ध हरपली तेव्हा त्याला ट्रकमध्ये घालून राजधानीच्या इस्पितळात नेलं.

घरी आल्यावर त्याने खिडकीजवळची जागा धरली. काही हवं असलं की तो कुबडीने भिंतीवर ठोकायचा. शहाळं हवं, ठोक. माश्या आल्या, ठोक. कोण भेटायला आलं नाही याची उजळणी करायची असली, तरी ठोक. सिआलेने, त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने, "थोडे दिवस" म्हणून शाळा सोडली, आणि त्याला ते इतकं साहजिक वाटलं की शाळा किती दिवस सुटली हे त्याने एकदाही विचारलं नाही. लोसेली दिवसा गावातल्या बायकांबरोबर तुतीची साल कुटून कापड करायची, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या कापलेल्या पायाची पट्टी बदलायची.

पट्टी ती डाव्या हाताने बदलायची. वेळ लागायचा, गाठ नीट बसायची नाही, आणि तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"किळस येते ना माझी?" तो एकदा म्हणाला.

"हात दुखतोय."

"साल कुटून दुखत असेल. कुणी सांगितलंय एवढं कुटायला?"

तिने पट्टीचं टोक दातात धरून ओढलं.

"तू रडलीसुद्धा नाहीस," तो म्हणाला. कधीपासून साठवलेलं होतं. "माझा पाय गेला. अख्खं गाव रडलं. तू नाही."

"रडून होईल सगळ्यांचं, मग बघीन," लोसेली म्हणाली आणि मळकी पट्टी उचलून बाहेर गेली. त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडला.

बायकांच्या शेडमधून येणाऱ्या, साल कुटायच्या लाकडी मोगऱ्यांच्या ठोक्यांत लोसेलीचा ठोका कधी बंद झाला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. खिडकीत तर तोच बसलेला होता. एका दुपारी सिआले आत आली. ती आईला आंघोळीला मदत करून आली होती. परकराची किनार हातात चुरगळत ती दाराशीच उभी राहिली.

"बाबा, आईच्या छातीला जखम आहे."

"कसली जखम?"

"गाठ आहे. मोठी. वरची कातडी फुटलीय. काखेतसुद्धा गाठी आहेत. ती फडकं बांधून ठेवते."

विलिसोनी कुबडी शोधायला लागला. आणि तोंडातून जे पहिलं वाक्य निघालं ते त्याच्या वळणाचंच होतं: "आणि मला कुणी सांगितलं नाही? मी या घरात कोण आहे?"

आमच्याकडे मुलं बापाशी वर मान करून बोलत नाहीत. बापाच्या डोक्याला हात लावत नाहीत, त्याच्या पानातलं उष्टं खात नाहीत. सिआले तोवर कधीही त्याला उलटून बोलली नव्हती. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं, बाबा? सांगितलं असतं तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला असता. मग तुम्हालाही उठवायचं, आणि तिलाही बघायचं. तेवढी माणसं नाहीत आमच्याकडे."



इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढले, आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की आजार हाडांत उतरलाय, फुप्फुसातही आहे. आता कापून उपयोग नाही. परदेशी पाठवायचीही वेळ निघून गेली. वेदना कमी ठेवू शकतो, तेवढं नक्की करू.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

"गाठ लागत होती आधीपासून," लोसेली म्हणाली. "ह्याचा पाय कापला, तेव्हा मी इथंच होते. म्हटलं, आलोच आहोत तर दाखवून घ्यावं. बायकांच्या तपासणीच्या रांगेत बसले होते. पलीकडच्याच व्हरांड्यात. नंबर जवळ आला होता."

"मग?"

"ह्याने बोलावलं." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. "सिआले धावत आली. म्हणाली, बाबांना उशी नीट करून हवीय, नर्सचा हात नको म्हणतायत. मी उठले. परत गेले तर दार बंद झालं होतं. पुन्हा जायचं राहिलं."

विलिसोनीला ती उशी आठवली. तिच्या अभ्र्यातली शिवण मानेला टोचत होती. नर्सने दोनदा फिरवून दिली होती, पण त्याला लोसेलीच हवी होती, कारण ती सकाळपासून कुठे गेली होती हे त्याला कळलं नव्हतं आणि त्याला राग आला होता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो रडायला लागला. त्याचं रडणंही त्याच्या गाण्यासारखंच, साऱ्या व्हरांड्यात घुमणारं. बाकावरच्या बायका उठून आल्या. एका नर्सने पाणी आणलं. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी प्रार्थना म्हणायला लागली. आणि या सगळ्यात एक हात त्याच्या पाठीवरून फिरत होता, हलके हलके, वर्षानुवर्षं फिरवलेल्या सवयीने. त्याने मान वळवली. लोसेली होती. उजवा हात सुजून मांडीवर पडला होता, आणि डाव्या हाताने ती त्याला थोपटत होती. तिच्या कपाळावर वेदनेने घाम फुटला होता. आत्ताच जिला मरण सांगितलं ती बाई त्याची समजूत काढत होती.

त्याचं रडणं थांबलं. लाज वाटली म्हणावं तर लाज त्याला पूर्वीही वाटायची, आणि लाज वाटली की तो चिडायचा. ही लाज नव्हती. अंधारात चालताना अचानक पायरी संपावी, तसं त्याला झालं. त्याने तिचा हात पाठीवरून काढून घेतला आणि आपल्या हातात धरला.

"पुरे," तो बायकांना म्हणाला. "मला काही झालेलं नाही. हिला पाणी द्या."

एवढ्याने माणूस बदलला असं समजू नका. चाळीस वर्षांची सवय एका व्हरांड्यात सुटत नाही. घरी आल्यावर त्याने कुबडी भिंतीवर ठोकायचं बंद केलं हे खरं. कुबड्या घेतल्या की हात मोकळे राहत नाहीत, म्हणून तो घरात बुडावर सरकत फिरायला शिकला. मांडीवर पातेलं ठेवून चुलीपासून पलंगापर्यंत सरकत यायचा. तिची जखम धुवायला गावात येणाऱ्या नर्स पिसिलाने शिकवलं. पहिल्या दिवशी फडकं सोडल्यावर वास आला, आणि त्याला ओकारी आली. लोसेली छताकडे बघत होती.

"उंदीर मेलाय का बघ घरात," ती म्हणाली.

तो हसला नाही, रुसलाही नाही. तोंड पुसून परत आला आणि जखम धुतली.

पण थोड्याच दिवसांनी त्याने खपून नीरफणस शिजवून नारळाच्या दुधात कालवला, एकेक घास भरवला, आणि तिने तो थुंकला. "करपलाय. मला नको. तुझ्या हातचं काहीच नको." विलिसोनीने पान खाली ठेवलं. सरकत सरकत आपल्या जागी गेला, भिंतीकडे तोंड केलं, चटई ओढली. सिआले शेतात कसाव्याचे कंद काढायला गेली होती. घरात दोघंच. तो वाट बघत पडला. कुणी आलं नाही. चटईखाली उकडत होतं, बाहेर डुकरं माती उकरत होती. मग त्याला पलंगाची करकर ऐकू आली, थांबून थांबून, आणि पाण्याचा पेला जमिनीवर पडला. मग काहीच नाही. तिने हाक मारली नाही. पाणी सांडलं तर सांडलं, ती तशीच पडून राहिली. हाक मारायची सवय तिला नव्हतीच. हाका मारायचं काम त्या घरात त्याच्याकडे होतं.

रुसायला समोर कुणीतरी धडधाकट लागतं, हे विलिसोनीला त्या दुपारी कळलं. तो उठला, पेला भरला, तिचं डोकं हातावर घेऊन पाणी पाजलं. त्यानंतर त्याने चटई डोक्यावर ओढलेली कुणी पाहिली नाही.

गावात बातमी पसरली. कावा प्यायला निघालेला फिलिमोने, त्याचा लहानपणापासूनचा मित्र, खिडकीशी थांबला. आत विलिसोनी बायकोचे कपडे बादलीत पिळत होता.

"काय विलि!" फिलिमोने ओरडला. "डॉक्टरांनी पायच कापला ना रे, की अजून काही?"

मागचे दोघं-तिघं खिदळले. जुना विलि असता तर सवाई उत्तर देऊन त्याला लोळवलं असतं, नाहीतर महिनाभर बोलणं टाकलं असतं.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," विलिसोनी म्हणाला. "हळू बोल, फिलि."

फिलिमोने उभा राहिला, मग मान खाली घालून गेला. दुसऱ्या दिवशी दारात ताज्या माशांची जुडी टांगलेली होती.

थोरली बहीण अकोसिता राजधानीहून आली. आमच्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, थोरलीचा तर फारच. वयात आल्यापासून विलिसोनी तिच्याबरोबर एका खोलीत बसला नव्हता, तिच्यासमोर कधी चावट शब्द उच्चारला नव्हता, अंगाच्या दुखण्याखुपण्याचं बोलणं तर दूरच. ती पडवीत बसली, तो आत दाराआड.

"विलि, हे काय ऐकते मी? बायकोचं हागणं-मुतणं तू काढतोस?"

"हो, ताई."

"अरे, लोक काय म्हणतील? तिच्या माहेरच्या बायका आणू. मी सांगते, येतील. आपल्या आईने तुला यासाठी वाढवलं?"

"आईने मला फार लाडाने वाढवलं, ताई. तुम्हीही. त्यात तुमचा काही दोष नाही. पण हे मी करणार. तुमच्याकडे दुसरंच मागायचंय."

आयुष्यात त्याने अकोसिताकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागायच्या आधीच मिळत असे.

"सिआलेला घेऊन जा. शाळेत घाला. परीक्षा जवळ आलीय तिची."

"आणि तुझं इथं कसं होणार?"

"होईल तसं होईल. पोरगी आमच्या दोघांच्या आजारपणात वाळून गेली. मी बघितलं नाही. आता दिसतंय."

पडवीत अकोसिताने नाक ओढलं. सिआले जायला तयार नव्हती. आईने समजावलं तेव्हा गेली. निघताना बापाकडे तिने बघितलंही नाही.

मग दोघंच राहिले. पिसिला येऊन मॉर्फिन देऊन जायची. औषध उतरायला लागलं की लोसेलीचं डोकं काही वेळ स्वच्छ असायचं, आणि दुखणंही जागं व्हायचं. अशाच एका दुपारी तो तिच्या हाताला तेल लावत होता. हात सुजून केळीच्या खोडासारखा झाला होता.

"विलि, मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला.

"पाद्रीबुवा परवा म्हणाले, सगळ्यांना माफ करून जावं. मी मान हलवली. पण नाही केलं. खोटं कशाला बोलू?"

"उशीचं?"

"उशीचं काय एवढं! तू तसाच होतास. आपला मुलगा गेला तेव्हाचं." सिआलेच्या पाठचं, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात गेलेलं ते मूल. त्याचं नाव कधी ठेवलं गेलं नाही. "तू गाणाऱ्यांबरोबर बेटांवर फिरत होतास. मी त्याला तुझ्या बहिणींबरोबर जाऊन पुरलं. आठवड्याने तू आलास, गळ्यात फुलांच्या माळा. मी तुझ्या गाण्याचं काही विचारलं नाही, म्हणून तू दोन दिवस जेवला नाहीस. मला दूध येत होतं, विलि. छाती बांधून मी तुझी समजूत काढत होते."

त्याची मान वळायला लागली. खरोखरच, आपोआप, भिंतीच्या दिशेने. त्याला ते जाणवलं. त्याने मान तिथंच धरली आणि परत तिच्याकडे आणली.

"अजून?" तो म्हणाला.

"अजून आहे."

"बोल."

ती बोलत राहिली. दम लागला की थांबायची, मग पुन्हा सुरू. एकेक जुनी गोष्ट निघाली. काही त्याला आठवत होत्या, काही आठवतही नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. तो मधे एकदाही "पण" म्हणाला नाही. चुकलो, हेही म्हणाला नाही. ते जिभेवर आलं होतं, पण म्हटलं असतं तर तिला "असू दे" म्हणावं लागलं असतं, आणि आजवर तिने हजार वेळा असू दे म्हटलं होतं.

"मला मरायची भीती वाटते," शेवटी ती म्हणाली. "फार. आणि तीसुद्धा तुझ्यापासून लपवते मी. का, तर तू घाबरशील."

"घाबरेन," विलिसोनी म्हणाला. "पण तू लपवू नकोस. मी घाबरलेलाच बसेन इथं."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया होती असं म्हणवत नाही. ओळखीच्या माणसाला नव्या कपड्यांत बघावं, तसं तिने बघितलं.

"तेल पुरे," ती म्हणाली. "चिकट होतंय."

पुढचे दिवस वाईट गेले. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हाडं दुखायची, औषध पुरत नसे, आणि ती ओरडायची. शेजारची माणसं दारं लावून घ्यायची. विलिसोनी घाबरलेलाच बसायचा, म्हटल्याप्रमाणे, तिचा पाय किंवा हात, जे दुखत नसेल ते धरून. कधी ती गा म्हणायची आणि तो खालच्या आवाजात गायचा. कधी गप बस म्हणायची आणि तो गप बसायचा. शेवटी शेवटी तिचं भान सुटलं. सिआलेची परीक्षा चालू होती. लोसेलीने शुद्धीत असताना बजावलं होतं की पोरीला परीक्षेतून उठवू नका. विलिसोनीने निरोप धाडला नाही. एका सकाळी, चर्चची घंटा वाजत असताना, श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि पुढचा श्वास आला नाही.

सिआले आली ती थेट मातीलाच. काळे कपडे, कमरेला सुतकात गुंडाळतात ती मोठी फाटकी चटई, आणि डोळे कोरडे ठणठणीत. गाणारे जमले होते. खर्ज लावायला विलिसोनीच हवा, असं सगळे म्हणाले. त्याने पहिल्या कडव्याला सूर धरला, दुसऱ्याला त्याचा आवाज फाटला, आणि बाकीच्यांनी त्याच्याशिवाय गाणं पुरं केलं.

कबरीवरची वाळू सारखी करून माणसं परतली, तेव्हा सिआले त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मला का नाही बोलावलं?"

अकोसिता मागून म्हणाली, "अगं, तुझ्या आईचीच इच्छा..."

"तिने नको म्हटलं होतं," विलिसोनी म्हणाला. "पण ती भानावर नव्हती तेव्हा ठरवायचं माझ्याकडे होतं. मी ठरवलं. चुकलं असेल."

"तुमच्यामुळे गेली ती."

माणसं थबकली. बापाला असं कुणी बोलत नाही, तेही मातीच्या दिवशी. अकोसिताने पोरीचा दंड धरला.

"ताई, बोलू द्या तिला," विलिसोनी म्हणाला. मग मुलीला म्हणाला, "आजाराने गेली. पण वेळेवर कळलं असतं तर कदाचित राहिली असती, आणि वेळेवर कळलं नाही ते माझ्यामुळे. हो."

तिला भांडण हवं होतं आणि ते मिळालं नाही. ती अकोसिताबरोबर राजधानीला निघून गेली.

नंतर कितीतरी दिवस तिचा पत्ता नव्हता. विलिसोनीने निरोप पाठवले नाहीत. आजारी असल्याचं कळवलं नाही, मधे दोनदा खरोखर ताप आला होता तरी. एकटाच शिजवायचा, एकटाच जेवायचा. अंधारून आल्यावर घर खायला उठायचं. पुरुष कावा प्यायला बोलवायचे, तेव्हा कधी जायचा, कधी नाही. गेला तर मागच्या बाजूला बसायचा.

एका शनिवारी बस थांबली आणि सिआले उतरली. परीक्षेचा निकाल लागला होता. पास झाले, एवढंच तिने सांगितलं. त्याने अळूची पानं आणि मासे नारळाच्या दुधात शिजवले होते, ते वाढलं. ती पानाला न शिवता बसून राहिली.

"शेवटी काय झालं ते सांगा," ती म्हणाली. "आत्या सांगते शांतपणे गेली म्हणून. खरं सांगा."

त्याने सांगितलं. ओरडण्याचं सांगितलं, दारं लावून घेणाऱ्या शेजाऱ्यांचं सांगितलं. गेलेल्या मुलाचं, फुलांच्या माळांचं, माफ केलं नाही म्हणाली ते, सगळं. स्वतःला कुठे बरं दिसेल असं फिरवलं नाही. ते सोपं नव्हतं. मधे दोन वेळा त्याला पाणी प्यावं लागलं.

"माझ्याबद्दल काही बोलली? अगदी शेवटी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एक गोड वाक्य पुरलं असतं, आणि पोरीने ते जन्मभर जपून ठेवलं असतं. त्याच्याही ती कदाचित जरा जवळ आली असती.

"अगदी शेवटी नाही," तो म्हणाला. "शेवटी तिला कुणाची ओळख नव्हती. ती तिच्या आईला हाका मारत होती. त्याआधी, भान होतं तोवर, रोज विचारायची. सिआले जेवली असेल का, म्हणून. रोज."

सिआले त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक गळत, हुंदक्यांनी पाठ हलत. विलिसोनीलाही रडू येत होतं. तो मोठ्याने रडला असता तर ती थांबली असती, उठून त्याच्यापाशी आली असती, त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. तसंच वाढलेलं पोर होतं ते. त्याने ओठ घट्ट मिटले. ती जमिनीवर बसली होती तिथवर तो सरकत गेला आणि हातभर अंतर ठेवून बसला. तिचं रडणं तिचं होतं. ते पुरं होईपर्यंत तो नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तिने कपड्याने तोंड पुसलं आणि पान पुढे ओढलं. गार झालेलं जेवण ती सगळं जेवली.

"पुढच्या शनिवारी येईन की नाही, माहीत नाही," निघताना ती म्हणाली.

"बरं."

"अजून राग आहे मला."

"असणारच," विलिसोनी म्हणाला. "जा आता, बस चुकेल."

ती गेली. त्याने पानं गोळा करून डुकरांना टाकली आणि भांडी घासायला घेतली.